उलटी वेलांटी

बाईंनी लाकडी मुठीचा शिक्का पॅडवर तीनदा हलकेच टेकवला, पांढऱ्या कार्डावर ठेवून तळव्यानं दाबला आणि सरळ वर उचलला. कार्डावर काहीच नव्हतं. खिडकीकडे तिरकं धरलं तेव्हा ओलसर चकाकीतून पणतीचा आकार जेमतेम कळला. मग त्यांनी त्यावर चमचाभर सोनेरी पावडर टाकली, कार्ड इकडून तिकडे कलतं केलं, उरलेली पावडर घडी घातलेल्या कागदावर ओतून घेतली आणि कार्डाला पाठीमागून एक टिचकी मारली. पणती आता दिसत होती, पण रांगोळीसारखी, जरा फुंकर लागली तर उडून जाईल अशी.

हीट गन सुरू झाली. काही क्षण नुसता घरघर आवाज. मग वातीच्या टोकाशी एक कण चमकला, त्याच्या शेजारचा चमकला, आणि जमिनीवर सांडलेलं पाणी पुढे सरकावं तशी ती चकाकी पणतीच्या काठाकाठानं फिरत गेली. खरखरीत पावडरीची एक गुळगुळीत, वर उठलेली रेघ झाली.

मी हात पुढे केला.

"अजून नाही," बाई म्हणाल्या. "वीस आकडे मोज. मग बोट लाव."

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी विषय दिला होता ‘स्पर्श’. पत्र आलं तेव्हा मला पहिल्यांदा आठवली ती आमच्या घरातली दोरी. दिवाळी जवळ आली की बाहेरच्या खोलीत दोन खिळ्यांमध्ये दोरी बांधली जायची आणि आलेली भेटकार्डं तिच्यावर ओळीनं टांगली जायची. पाकिटाचं तोंड न चिकटवता आत खोचून, वर ‘बुक पोस्ट’ लिहून पाठवलेली ती कार्डं. त्यांतल्या काहींवर अक्षरं उठलेली असत, आणि आम्ही मुलं ती डोळे मिटून बोटांनी वाचायचा खेळ खेळायचो. तो उठाव येतो कसा, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून या वर्षी ते बघायला निघाले.

पावडरीचं गणित

सदाशिव पेठेतल्या या बाई महापालिकेच्या शाळेतून चित्रकला शिकवून निवृत्त झाल्या. शाळेत त्यांनी वर्षानुवर्षं ठसेकाम घेतलं: भेंडीचे काप, अर्धा बटाटा, दोरा गुंडाळलेला लाकडी ठोकळा. आता गणपती गेले की दर शनिवारी दुपारी त्यांच्या जेवणाच्या टेबलाभोवती पाच-सहा जणी बसतात आणि दिवाळीची कार्डं करतात. कार्डं विकायची नाहीत, हा एकच नियम. ज्याला द्यायचं त्याचं नाव आधी वहीत लिहायचं आणि मगच कागद हातात घ्यायचा.

तंत्र वरवर सोपं दिसतं, पण त्याची मेख शाईत आहे. कचेरीतल्या शिक्क्याची शाई कागदात चटकन मुरते आणि वाळते. तिच्यावर पावडर टाकली तर धरायला ओलच उरलेली नसते. उठावाच्या शाईत ग्लिसरीनसारखा सावकाश वाळणारा पदार्थ असतो. ती काही मिनिटं चिकट राहते आणि तेवढ्या वेळात पावडर तिला बिलगते. ही पावडर म्हणजे उष्णतेनं वितळणाऱ्या राळेचे, रेझिनचे, बारीक कण. ते वितळले की शेजारचे कण एकमेकांत मिसळतात, आणि पानावरचा दवाचा थेंब जसा आपोआप गोलसर होतो तशी ती पातळ राळ स्वतःच्या ताणानं फुगीर रेघेत गोळा होते. निवल्यावर तशीच राहते. म्हणून या रेघेच्या कडा कापल्यासारख्या लागत नाहीत, बोट त्यांच्यावरून घसरत जातं.

बाईंच्या टेबलावर एक पांढऱ्या मलमलीची पुरचुंडी होती. तिच्यात टाल्कम पावडर. शिक्का मारण्याआधी ती कार्डावरून फिरवायची. ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत कागदावर स्थिर वीज साठते आणि सोनेरी कण नको तिथेही चिकटून बसतात. पावसाळ्यात तऱ्हा वेगळी: कागद ओल धरतो, गरम हवा लागताच वाकडा होतो आणि आतली वाफ रेघेला बुडबुडे आणते. म्हणून श्रावणात कार्डं करायची तर कागद आधी नुसताच शेकून घ्यावा लागतो.

केस वाळवायचं यंत्र चालेल का, असं प्रत्येक नवी बाई विचारते. चालत नाही. त्याचा वारा जोराचा आणि ऊब कमी, पावडर वितळण्याआधी उडून जाते. हीट गन उलट वागते, मंद वारा आणि भरपूर उष्णता. ती मिळत नव्हती तेव्हा बाई गॅसवर तवा तापवून त्याच्या वर वीतभर अंतरावर कार्ड धरायच्या. पाठीमागून ऊब लागली तरी राळ वितळते, कागद मात्र करपण्याच्या बेतात येतो. कमी तापवलं तर रेघ संत्र्याच्या सालीसारखी राहते. जास्त तापवलं तर राळ कागदात मुरते आणि तेलकट डाग उरतो. नेमकं कधी थांबायचं हे घड्याळावर ठरत नाही, चकाकी शेवटच्या टोकाला पोचली की हात मागे घ्यायचा.

त्यांच्या कपाटात एक बिघडलेलं कार्ड जपून ठेवलेलं आहे. वर्गातल्या एका मुलीनं, आता ती दोन मुलांची आई आहे, कार्ड धरताना अंगठा कोपऱ्यावर दाबला होता. बोटाच्या तेलकटपणाला पावडर चिकटली आणि गरम हवा लागल्यावर फुलांच्या नक्षीबरोबर तिचा अंगठाही सोन्यात उठून आला, रेषान् रेषा स्पष्ट. बाईंनी ते तिला टाकू दिलं नाही. "सही यापेक्षा वेगळी काय असते?" असं त्या मला म्हणाल्या. मीही त्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. सगळ्या टेबलावर मला सर्वांत आवडलं ते तेच कार्ड.

उलटं वाचणारे काका

बाईंचे शिक्के दोन प्रकारचे. काही त्या स्वतः खोडरबरावर कोरतात, लिनोची हत्यारं घेऊन. बारीक अक्षरांचे मात्र अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका बोळातून करून आणतात. तिथं दीड माणूस मावेल एवढ्या दुकानात एक काका बसतात. सोसायट्यांचे गोल शिक्के, डॉक्टरांचे चौकोनी, ‘सत्य प्रत’, ‘पोहोच’, ‘रद्द’, हे त्यांचं रोजचं काम. बाईंच्या पणत्या आणि आकाशकंदील ही दिवाळीपुरती चैन.

आज त्यांचं बरंचसं काम संगणकावर होतं. अक्षर जुळवायचं, एका कळीनं उलटं करायचं, निगेटिव्ह काढायची. द्रव पॉलिमर त्या निगेटिव्हवर ओतून अतिनील प्रकाश दिला की जिथं प्रकाश पोचला तिथं तो घट्ट होतो, बाकीचा साबणाच्या पाण्यानं धुऊन जातो. राहतो तो शिक्का. पण काकांनी मला जुनी पेटीही उघडून दाखवली. तिच्यात शिशाचे खिळे होते, म्हणजे छापखान्यातली सुटी अक्षरं, आणि एक छोटा तापणारा दाबयंत्राचा सांगाडा.

"खिळा उलटा," काका म्हणाले. "तो साच्याच्या पत्र्यावर गरम दाबला की अक्षर आत जातं, ते सुलटं. त्या साच्यात कच्चं रबर घालून शेकलं की परत उलटं. आणि कागदावर मारलं की सुलटं. चार वेळा कोलांटी उडी."

कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत कडक होतं. चार्ल्स गुडइयर यांनी 1839 मध्ये गंधक मिसळून रबर तापवलं तेव्हा ते मऊ राहूनही आकार न सोडणारं झालं. हे जमलं म्हणूनच रबरी शिक्का शक्य झाला. काकांच्या यंत्रात तेच घडायचं: दाब, ताप आणि थोडा धीर.

मी विचारलं, कंपोझ करताना सर्वांत जास्त चूक कुठं व्हायची? काकांनी पाठीमागच्या भिंतीवर टांगलेला एक शिक्का काढला. त्याच्यावर ‘दिवाळी’ होतं, उलटं. मला वाचायला सांगितलं. मी अडखळले. उलट्या शब्दात शेवटची दीर्घ वेलांटी सुरुवातीला येते आणि अगदी ह्रस्व वेलांटीसारखी दिसते, आणि पहिली ह्रस्व शेवटाला जाऊन दीर्घासारखी. नवशिक्याचा हात तिथं ‘दुरुस्ती’ करतो, आणि कागदावर उमटतं ‘दीवाळि’. "शिक्का करणाऱ्यानं स्वतःच्या डोळ्यावर विश्वास ठेवायचा नाही," काका म्हणाले. "समोरच्याच्या बाजूला जाऊन बसायचं मनात. तिथून जे सुलटं, ते आपल्याला उलटंच दिसणार."

बाई खोडरबरावर कोरतात तेव्हा हा प्रश्न वेगळ्या रीतीनं सोडवतात. पारदर्शक बटर पेपरवर शिसपेन्सिलीनं सरळ लिहायचं, तो कागद रबरावर पालथा घालायचा आणि वरून नखानं घासायचं. शिसं रबरावर आपोआप उलटं उतरतं. मग डोकं बाजूला ठेवून जे दिसतं तेच कोरायचं.

मोर्तबानंतर काही लिहायचं नाही

ठसा उमटवून पत्राला अर्थ देणं आपल्याकडे जुनं आहे. मराठेशाहीतल्या कागदाच्या माथ्यावर शिक्का असे आणि मजकूर संपला की शेवटी छोटा मोर्तब. मोर्तब ही मजकुराची हद्द. त्यानंतर कुणी एक अक्षरही मागाहून घुसवू नये यासाठी ती खूण. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण आज ठराव मंजूर झाला की वापरतो, पण तो मुळात कागदाच्या दोन टोकांचं वर्णन आहे. ते ठसे शाईचे होते, उठावाचे नव्हते. तरी संग्रहालयात असा एखादा कागद पाहताना माझं लक्ष मजकुरापेक्षा मोर्तबाच्या जराशा तिरक्या बसलेल्या कडेकडेच जातं. कुणीतरी तिथं हात दाबला होता.

शाईशिवाय नुसत्या दाबानं उठवलेल्या ठशाची एक मोठी गोष्ट मुंबई इलाख्याच्या कारभारात घडली. सिंध तेव्हा या इलाख्याला जोडलेलं होतं आणि तिथले आयुक्त होते बार्टल फ्रिअर, जे पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले. 1 जुलै 1852 रोजी त्यांनी सिंधच्या टपालासाठी अर्ध्या आण्याची तिकिटं काढली. ‘सिंध डाक’ या नावानं ती ओळखली जातात आणि आशियातली ती पहिली टपाल तिकिटं. पहिली तिकिटं लाल लाखेच्या पातळ चकत्यांवर दाबलेली होती. ती तडकायची. मग पांढऱ्या कागदावर बिनशाईचा नुसता उठाव केला. तो देखणा होता, पण दिव्याच्या मंद उजेडात टपाल कर्मचाऱ्यांना दिसेना. म्हणून शेवटी तोच उठाव निळ्या रंगात आला. 1854 मध्ये साऱ्या हिंदुस्थानासाठी एकच तिकिटं निघाली आणि सिंध डाक संपली.

ही गोष्ट वाचली तेव्हा मला त्या पांढऱ्यावर पांढऱ्या तिकिटाचं फार वाईट वाटलं. डोळ्याला दिसेना म्हणून ते बाद झालं. बोटाला मात्र ते अंधारातही सापडलं असतं.

नाताळच्या भेटकार्डाचा जन्मही त्याच काळातला. लंडनमध्ये हेन्री कोल यांनी 1843 च्या नाताळात चित्रकार जॉन कॅलकॉट हॉर्सली यांच्याकडून चित्र काढून घेतलं, हजारभर प्रती छापल्या, हातानं रंगवून घेतल्या आणि उरलेल्या एक शिलिंगला एक अशा विकायला ठेवल्या. कोल यांना पत्रांना उत्तरं लिहायला वेळ मिळत नव्हता, म्हणून ही युक्ती. म्हणजे ते छापील कार्ड वेळ वाचवायला जन्माला आलं, आणि बाईंच्या टेबलावर सहा बायका एकेका कार्डासाठी सबंध दुपार देतात. मला हा मुद्दाम घेतलेला लांबचा रस्ता पटतो.

खाडिलकर रोडवरचे अंगठे

उठावाच्या कामाचा मोठा बाजार बघायचा तर गिरगावात जायला हवं. खाडिलकर रोडवर लग्नपत्रिकांची दुकानं एकाला एक लागून आहेत. आत गेलं की नमुन्यांचे जाडजूड अल्बम समोर येतात. मी एका दुकानात तासभर बसले आणि गिऱ्हाइकं काय करतात ते पाहत राहिले. मुलीचे वडील पत्रिका हातात घेतात, आणि मजकूर वाचण्याआधी त्यांचा अंगठा गणपतीवरून फिरतो. आई पत्रिका उलटी करून मागचा भाग चाचपते. आलेगेले सगळे हेच करतात, आणि आपण असं करतोय हे त्यांना ठाऊकही नसतं.

ते मागून चाचपणं बरोबर आहे. दुकानाच्या मालकांनी मला समजावलं: गणपतीच्या मागे खळगा लागला तर तो डायचा उठाव. मागे सपाट लागलं तर ‘थर्मो’.

डायच्या कामात धातूचे दोन जुळे तुकडे करावे लागतात. एकात आकार खोल, दुसऱ्यात तोच आकार फुगीर. बाजारात त्यांना ‘मेल-फिमेल’ म्हणतात. मध्ये कागद ठेवून दाबला की कागदाचे तंतू ताणले जाऊन कायमचे त्या आकारात बसतात. शाई लागत नाही. सोनेरी फॉइल आधी लावून मग त्याच जागी उठाव द्यायचा असेल तर दोन्ही कामं केसभरही सरकता कामा नयेत, नाहीतर गणपतीची सोंड एकीकडे आणि सोनं भलतीकडे. पुष्कळ ठिकाणी हे काम अजून जुन्या ट्रेडल मशीनवर होतं. अक्षरं छापण्यासाठी आलेली ती यंत्रं ऑफसेट आल्यावर बेकार झाली, पण दाब देण्यात ऑफसेट त्यांची बरोबरी करू शकत नाही, म्हणून ती टिकली.

थर्मो म्हणजे बाईंच्या टेबलावरचंच काम, फक्त पट्ट्यावर. एका इंडस्ट्रियल गाळ्यात मी ते यंत्र पाहिलं. ओल्या शाईची पत्रिका पट्ट्यावरून येते, वरून पावडर पडते, ओढून घेणारी हवा सुटी पावडर परत नेते, पत्रिका तापलेल्या बोगद्यातून जाते आणि पलीकडे थंड होऊन बाहेर पडते. टिचकी नाही, पुरचुंडी नाही, वीस आकडे मोजणं नाही. पण बोगद्याच्या तोंडाशी उभा असलेला कामगार दर थोड्या वेळानं एक पत्रिका उचलून तिच्यावरून अंगठा फिरवत होता. तापमान दाखवणारा काटा समोर असताना.

धंदा पूर्वीसारखा नाही, हे दुकानदारांनी न विचारता सांगितलं. आमंत्रणं मोबाइलवर जातात. पत्रिका थोड्या छापल्या जातात: पहिली गणपतीपुढे ठेवायला, मग कुलदैवताला, मग हळदकुंकू लावून घरच्या वडीलधाऱ्यांच्या हातात द्यायला. संख्या घटली, पण ज्या छापतात त्या जड आणि जास्त उठावाच्या मागतात. हातात द्यायचीच असेल तर हाताला काही कळलं पाहिजे, असं त्यांना वाटत असावं.

कागदाचा स्वभाव

पुण्यात शिवाजीनगरला के. बी. जोशी पथावर हातकागद संस्था आहे, 1940 पासूनची. तिथला कागद सुती चिंध्यांचा. कापडाचे तुकडे पाण्यात कुटून त्यांचा लगदा होतो, तो पाण्यात पातळ करून चाळणीच्या चौकटीवर उचलतात, पाणी गळून जातं आणि तंतूंची पातळ साय मागे राहते. चौकट उचलताना हलवली जाते म्हणून तंतू चारी दिशांना पडतात. गिरणीच्या कागदात ते एकाच दिशेला लोळतात, त्यामुळे तो कागद एका बाजूनं सहज दुमडतो आणि दुसऱ्या बाजूनं घडीवर फुटतो. हातकागदाला अशी आवडती बाजू नसते.

सुताचे तंतू लांब असल्यानं हा कागद खोल उठाव न फाटता घेतो. पण त्याच्या खडबडीत अंगावर शिक्का मारला तर रेघ तुटक उमटते. त्यामुळे शिक्क्यासाठी रुळांखालून काढून घोटलेला ताव घ्यायचा आणि दाबाच्या उठावासाठी न घोटलेला. मी दोन प्रकारचे पाच-पाच ताव घेतले.

ताईंनी पणती ओळखली नाही

विषय स्पर्श होता आणि मी आतापर्यंत फक्त डोळस माणसांना भेटले होते. हे ठाण्याला जाणाऱ्या गाडीत बसल्यावर माझ्या ध्यानात आलं.

ज्यांच्याकडे गेले त्या ताई बँकेत टेलिफोन ऑपरेटर होत्या. जन्मापासून दिसत नाही. निवृत्त होऊन काही वर्षं झाली. त्यांच्याकडे ‘स्पर्शज्ञान’चे जुने अंक नीट रचून ठेवलेले होते. स्वागत थोरात यांनी 2008 मध्ये सुरू केलेलं हे मराठी ब्रेल पाक्षिक. अंक उभे ठेवलेले, आडवे नाहीत. एकावर एक ठेवले तर खालच्या अंकांचे ठिपके चेपतात.

मी बाईंच्या टेबलावरची सर्वांत सुंदर कार्डं नेली होती. पहिलं जाळीदार आकाशकंदिलाचं. ताईंनी तर्जनी त्याच्यावर ठेवली, डावीकडून उजवीकडे नेली, परत आणली.

"काहीतरी गुळगुळीत सांडून वाळलंय," त्या म्हणाल्या.

मी म्हणाले, आकाशकंदील आहे, फार बारीक जाळी आहे. "हो का," ताई म्हणाल्या, आणि पुन्हा प्रयत्न केला. "रेघा फार जवळ आहेत ना, बोटाखाली एकच होतात."

मागाहून याचं कारण समजून घेतलं. बोटाच्या टोकाला दोन वेगळे बिंदू वेगळे कळायला त्यांच्यात साधारण दोन मिलिमीटर अंतर लागतं. ब्रेलचे शेजारशेजारचे ठिपके अडीच मिलिमीटरच्या आसपास दूर असतात आणि अर्धा मिलिमीटरभर उंच. लुई ब्रेल स्वतः बोटांनी वाचत होता. त्यानं ही मापं बोटाकडून घेतली, डोळ्याकडून नाही. बाईंच्या जाळीतल्या रेघा अर्ध्या मिलिमीटरवर होत्या आणि उंची त्याहूनही कमी.

दुसरं कार्ड मोठ्या पणतीचं. रेघ एकच, ठळक. मला खात्री होती. ताईंचं बोट बाह्यरेषेवरून नीट फिरलं. "होडी?" त्यांनी विचारलं.

मी गप्प झाले. मग त्या उठल्या, स्वयंपाकघरातून एक मातीची पणती घेऊन आल्या आणि माझ्या हातात दिली. "डोळे मीट आणि सांग. पणती म्हणजे काय?" मी डोळे मिटले. तळहातात एक गोल वाटी होती, एका बाजूला चिमटा काढलेली. आम्ही चित्रात काढतो ती पणती बाजूनं दिसणारी, आडवी, होडीसारखीच. हाताला अशी पणती कधी भेटत नाही.

"आणि वरची ज्योत?" मी कार्डावरचा थेंबासारखा आकार त्यांच्या बोटाखाली आणला.

"हे ज्योत आहे? मला ज्योत म्हणजे वरची ऊब. तिला आकार कसला?"

तिसऱ्या कार्डावर त्या सर्वांत जास्त वेळ थांबल्या. ते अगदी साधं होतं, हातकागदाचं, कोपऱ्यात तीन पाकळ्या. पाकळ्यांकडे त्यांनी फारसं लक्ष दिलं नाही. बोट कडेवरून चालत राहिलं. "हा कापलेला नाही," त्या म्हणाल्या. "कड केसाळ आहे. छान आहे कागद." दोन बोटांत धरून त्यांनी तो कानाजवळ नेला आणि हलवला. बाईंनी इतक्या वर्षांत शिकवलेल्या एकाही जणीनं कागदाचा आवाज ऐकला नसेल. मी तर नाहीच.

परतीच्या गाडीत मी वहीत लिहिलं: वरून पणती. गोल, एक चिमटा. ज्योत नको.

सतरा ठिपके

बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी काही न बोलता नवा खोडरबर काढला आणि एका बैठकीत कोरला. चिमटा काढलेलं वर्तुळ, रेघ चांगली जाड. राळेचा उंच उठाव हवा म्हणून त्यांनी जाड दाण्याची पावडर घेतली, पहिला थर वितळताच तो गरम असताना दुसरा टाकला, मग तिसरा. आत काही नाही, वर काही नाही. टेबलावरच्या बाकीच्या जणी म्हणाल्या, रिकामं वाटतं. बाई म्हणाल्या, बघू नका.

मजकूर माझ्याकडे होता. ब्रेल पाटी आणि टोकदार स्टायलस घेऊन मी बसले. भारतीय भाषांसाठी 1951 च्या सुमारास एक सामाईक ब्रेल ठरली, भारती ब्रेल, आणि मराठी तिच्यातच लिहितात. ‘दिवाळी’ला सहा घरं लागतात: द, ह्रस्व इ, व, आ, ळ, दीर्घ ई. सगळे मिळून सतरा ठिपके. आणि इथं वेलांटी मुळात अक्षराच्या आधी येतच नाही. बोलतो त्या क्रमानं, द नंतरच येते. काकांना हे सांगितलं पाहिजे, असं मनात आलं.

पण दुसरी कोलांटी उडी आहेच. ठिपका वर उठवायचा तर तो मागून टोचावा लागतो. म्हणजे उजवीकडून डावीकडे लिहायचं, आणि प्रत्येक घरातले ठिपकेही उलटे. मी कागदावर आधी आराखडा काढला, आरशात धरून तपासला, आणि एकेक ठिपका दाबत गेले. हातकागद टोचताना फुटत नाही, नुसता वर येतो, आणि प्रत्येक ठिपक्याला बारीकसा टक् असा आवाज येतो. तो ताव मी कार्डावर फक्त कडांना चिकटवला. मध्ये डिंक लावला तर ठिपक्यांखालची पोकळी बुजते. टपालाचा शिक्का दणक्यानं पडतो म्हणून कार्ड पोस्टात टाकलं नाही, स्वतः घेऊन गेले.

ताईंनी पाकीट उघडलं. बोट आधी पणतीवर गेलं. वर्तुळावरून फिरलं, चिमट्यापाशी पोचलं, आणि तिथून आपोआप थोडं वर उचललं गेलं, हवेत, जिथं काहीच नव्हतं. तिथं ते क्षणभर थांबलं.

मग खालच्या ओळीवर आलं. पहिल्याच घरावर अडलं.

"पाचवा ठिपका कुठाय?" त्यांनी विचारलं. "त्याच्याशिवाय हा च होतो."

मी जवळ जाऊन पाहिलं. ठिपका होता, पण मी तो फार हलका दाबला होता. डोळ्याला दिसत होता. ताईंनी खणातून आपला स्टायलस काढला, कार्ड पालथं केलं, चिकटवलेली कड नखानं सोडवली आणि मागून, बघता बघता, नेमक्या जागी एकदा दाबलं. टक्. कड पुन्हा बसवली, कार्ड सुलटं केलं आणि माझ्यापुढे धरलं.

"आता लाव बोट," त्या म्हणाल्या.